अप्परबरोबर पेटणारे पिवळे दिवे

खाडीपलीकडे रस्ता डोंगरावरून खाली येतो आणि आमचं घर अलीकडच्या चढावर आहे. त्यामुळे उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे आमच्या पडवीतून दिसतात. दिसलेली गाडी पुलाला वळसा घालून आमच्या दारात यायला भात शिजण्याइतका वेळ लागतो. हे मोजमाप माझ्या सासूबाईंचं. तिन्हीसांजेनंतर पलीकडे मुलाचा ट्रक दिसला की त्या उठत, तांदूळ वैरत, आणि माझे पती हातपाय धुऊन आत येईपर्यंत भात शिजत आलेला असे. त्या उतारावर मोबाइलला रेंज नाही. असती तरी गाडी चालवताना फोन घेणारा तो माणूस नव्हता.

इतक्या गाड्यांमधून त्यांचाच ट्रक ओळखू येई तो दिव्यांमुळे. मोठे दिवे लांबवर टाकले, म्हणजे ड्रायव्हरच्या भाषेत अप्पर लावला, की बंपरखालचे पिवळे फॉग लाइट आपोआप विझायचे, अशी त्या ट्रकची मूळची वायरिंग होती. ते यांना मान्य नव्हतं. उन्हाळाभर ते जांभ्याचे चिरे वाहत. पावसात खाणी बंद झाल्या की मिळेल तो माल. त्या दिवसांत घाटात ढग रस्त्यावरच बसलेला असतो. अप्परचा उजेड त्या पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि चाकाखालचं काही दिसत नाही. हातखंब्याच्या वायरमनला त्यांनी सांगितलं, अप्परबरोबर पिवळे दिवेही चालू राहिले पाहिजेत. वायरमन तयार होईना. जवळ जास्त उजेड पडला की डोळा लांबचं बघायचा आळस करतो, म्हणून कंपनीने मुद्दाम तसं केलेलं असतं, आणि पासिंगच्या वेळी आरटीओचा साहेब ओरडेल ते वेगळंच, असं त्याचं म्हणणं. यावर यांनी त्याला काय उत्तर दिलं ते घरी येऊन मला हसत सांगितलं होतं: "म्हटलं, लांबचा रस्ता मला पाठ आहे. कडेचं गटार तेवढं दिसू दे."

समोरून गाडी आली की मात्र ते अप्पर खाली घेत आणि पिवळेही बंद करत. कुणाच्या डोळ्यांत उजेड मारणं त्यांना शिवी दिल्यासारखं वाटे. पण पलीकडचा उतार बहुधा मोकळा असे. तिथे वर दोन पांढरे आणि खाली दोन पिवळे असे चार दिवे सावकाश खाली येताना दिसत. दुसऱ्या कुणाचे तसे नव्हते.

ते गेले ते रस्त्यावर नव्हे. पुण्यानुमोदनाच्या विधीला लांबून आलेली माणसं हळूच विचारत, कुठल्या वळणावर झालं? वळण नव्हतंच. सकाळी अंगणात दात घासताना ते पायरीवर बसले आणि मग उठले नाहीत. ट्रक तिथेच फणसाखाली उभा होता.

पुढे ट्रक त्यांच्या मित्राने घेतला. हे भाई खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावातले. बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. ट्रक ओळखीच्या हातात गेला याचं मला समाधान होतं. तो रोज पुन्हा आमच्यासमोरूनच जाणार हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी चार दिवे उतारावर दिसले. मी पडवीत उत्तरपत्रिका तपासत होते. सासूबाई उठल्या आणि आत गेल्या, तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. दिवे पुलावर आले, आमच्या फाट्यापाशी आले आणि न वळता पुढे गेले. आम्ही दोघी जेवलो. दुसऱ्या दिवशी तेच. आपल्याला कळलेलं असतं, पण अंगाला ते कळत नाही. दिवे दिसले की मी पेन ठेवून उठायची, न्हाणीघरातला दिवा लावायची, आणि मग कशासाठी लावला म्हणून तिथेच उभी राहायची. उन्हाळ्याचे सगळे दिवस असे गेले. शाळेत मुलांसमोर उभी असतानाही मला संध्याकाळची धास्ती वाटू लागली. सासूबाईंचा तर भ्रम वाढत चालला आहे असंच मला वाटत होतं.

शेवटी एका रविवारी मी हातखंब्याला गेले. ट्रक वायरमनकडे उभा होता, भाई बाजूला चहा पीत होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी फार लांबण न लावता सांगितलं की ते पिवळे दिवे तेवढे कंपनीच्या मूळ वायरिंगसारखे करून घ्या, आईंना त्रास होतो. माझं नाव मी घेतलं नाही. भाई खाली मान घालून ऐकत होते.

"वहिनी, मला उतारावर त्यांची गरजपण नसते. वरच्या वळणाला आलो की मुद्दाम लावतो. मला वाटलं, तुम्हाला दिसलं तर बरं वाटेल."

मग त्यांनी वायरमनला हाक मारली. त्याने बॉनेट उघडलं, एक वायर सोडवली आणि तिच्या टोकाला काळी पट्टी गुंडाळली. म्हणाला, मी तेव्हाच सांगितलं होतं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या पडवीत बसल्या. उतारावरून गाड्या येत होत्या, सगळ्यांचे दोन दोन पांढरे दिवे. एखादी पुलावर आली की त्या मान पुढे करून बघत आणि परत टेकत. काळोख झाला. चूल पेटली नव्हती. मी म्हटलं, मी टाकते भात. त्या म्हणाल्या, थांब, गाडी उतरायची हाय अजून.

मग मी सांगितलं. मी हातखंब्याला गेले होते, ते पिवळे दिवे बंद करून घेतले, ट्रक कदाचित केव्हाच गेला असेल. त्यांनी रागावून काही बोलावं असं मला वाटत होतं. त्या पदराने गुडघे झाकत राहिल्या.

"माजा काय डोका फिरलेला नाय. तो येनार नाय ता मला ठाव हाय."

"मग तुम्ही तांदूळ का वैरता, आई?"

"आपल्या दोघींना जेवाचा नसता काय?" त्या म्हणाल्या. "त्या गाडीत आता दुसऱ्या कोनाचा तरी पोर बसतो. तो उतार नीट उतरला ना, एवढाच बगतंय मी. उतरला का उठतंय."

मी म्हटलं, उद्याच भाईंना फोन करते, परत जोडून घेतील.

"नको. आता लावतील ते आपल्यासाटी लावतील. आपल्यासाटी नको."

त्यानंतर मला जे सुटेल असं वाटलं होतं ते सुटलं नाही. पूर्वी धास्ती होती ती त्या चार दिव्यांचीच, आणि ते पुढे गेले की दिवस संपे. आता कुठल्याही गाडीने माझं पेन थांबतं. प्रत्येक ट्रक तो असू शकतो, आणि तो गेला असं कुठल्याच क्षणी म्हणता येत नाही. सासूबाई आता आधीपेक्षा उशिरापर्यंत पडवीत बसतात. मीही पुस्तक मिटून त्यांच्याशेजारी बसते. आता पाऊस लागला आहे, पलीकडचा डोंगर अर्धा ढगात असतो आणि दिवे एकदम उताराच्या मध्यावरच दिसू लागतात.

काल असाच एक ट्रक खाली आला. सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं.

"हा नसंल," त्या म्हणाल्या.

"मागचा असेल," मी म्हटलं.