हिरव्या वोचोची धर्मआई

फिदेन्सिओ आमच्या चढावरचा सगळ्यात बुटका टॅक्सीवाला. गाडी खालून वर येताना काचेमागे माणूस दिसायचाच नाही, नुसती टोपी दिसायची. "टोपी आली गं," म्हणत बायका पिशव्या उचलायच्या. मेक्सिको शहराच्या उत्तरेला आमची क्वाउतेपेकची टेकडी अशी उभी आहे की नव्या कोऱ्या मोटारी निम्म्यावर धापा टाकतात आणि मागे सरकतात. वर चढतात त्या वोचो, म्हणजे गोल पाठीच्या, मागे इंजिन असलेल्या जुन्या फोक्सवॅगन. फिदेन्सिओची वोचो हिरवी-पांढरी होती. ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकलेली, म्हणजे उतारू सरळ मागे जाऊन बसतो. दाराला एक दोरी बांधलेली. उतारू आत शिरला की फिदेन्सिओ जागेवरूनच ती ओढायचा. धाड्! तो आवाज मला तिसऱ्या घंटेसारखा वाटायचा. आता पडदा उघडणार, असं वाटून अजूनही पाठ ताठ व्हायची.

मी तंबूच्या नाटकातली बाई. गाणं, विनोद, रडणं, मरणं, पडेल ते काम केलं. दर रविवारी दुपारच्या खेळाला फिदेन्सिओ मला खाली घेऊन जायचा आणि खेळ संपेपर्यंत तंबूच्या मागे, कनातीला नाक लावून उभा राहायचा. माझी सगळी भाषणं त्याला पाठ. एकदा मी अडखळले, तर कनातीमागून पुढचं वाक्य आलं आणि माझ्याआधी त्यालाच टाळ्या पडल्या.

ही गाडी त्याने घेतली तेव्हा तो हातात टोपी धरून माझ्या दारात आला होता. आमच्याकडे लेकराला धर्मआई लागते, तशी नव्या गाडीलाही लागते. पाद्री पाणी शिंपडतो, धर्मआई बॉनेटवर हात ठेवते आणि त्या क्षणापासून ती गाडीवाल्याची कोमाद्रे होते, तो तिचा कोम्पाद्रे. मग दोघांनी एकमेकांना मानाने 'तुम्ही' म्हणायचं, भांडायचं नाही, आणि लेकराचं बरंवाईट काही ठरवायचं झालं तर दोघांनी मिळून ठरवायचं. मी माझ्या लाल झग्याची टिकल्यांची झालर कापून त्याच्या आरशाला बांधली.

"कोमाद्रे, आता ही गाडी नटी झाली," तो म्हणाला होता. "हिला वेळेवर खायला घातलं नाही तर रुसणार."

तीसेक वर्षं ती रुसली नाही. त्याची बायको क्रूस गेली तेव्हा शवपेटीमागून हीच गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत गेली. मूलबाळ नव्हतं. मग आमच्या डोक्यावरून लोखंडी दोरावर सरकणारे रोपवेचे डबे सुरू झाले. खालच्या मेट्रोपासून थेट वरपर्यंत, काचेचे, निळे. तरणी माणसं त्यात बसून जाऊ लागली. फिदेन्सिओकडे उरल्या म्हाताऱ्या, आजारी आणि जड पिशव्यांच्या बायका. "डब्यात कोणी तुमच्याशी बोलतं का?" तो विचारायचा. "कोणी तुमचा दाढदुखीचा किस्सा ऐकून घेतं का?" त्या दोन शब्दांसाठी बायका त्याच्या गाडीत बसायच्या.

गेल्या जानेवारीत गाडीचा तळ गेला. मागच्या सीटखाली बॅटरी असते, तिच्या पाण्याने पत्रा वर्षानुवर्षं कुरतडला होता. शेजारच्या एउलालियाबाईने टोमॅटोची पिशवी पायाशी ठेवली, आणि निम्मी टेकडी चढल्यावर मागे पाहते तर टोमॅटो उतारावरून घरंगळत परत बाजाराकडे चाललेले.

नाबोर मिस्त्रीने गाडी उचलून धरली आणि खालून टॉर्च मारला.

"फिदेन्सिओ, ही गाडी आता फक्त रंगावर उभी आहे."

"इंजिन?"

"इंजिन तुझ्याहून तरुण आहे. ब्रेक तर मी परवाच नवे केलेत. पण तळ पूर्ण कापून नवा बसवायचा, म्हणजे घर मोडून दार शाबूत ठेवण्यासारखं काम. करतो म्हणशील तर करतो. भंगारवाला आज नेतो म्हणतोय."

"कोमाद्रेला विचारल्याशिवाय नाही," फिदेन्सिओ म्हणाला आणि टोपी फिरवत माझ्याकडे वळला. "तुम्ही धर्मआई. तुम्ही म्हणाल ते."

मला वाटलं होतं हसण्यावारी न्यावं. पण त्याचा चेहरा पाहिला. घरी वाट पाहणारं कोणी नाही, दुसरा धंदा येत नाही. तो हळूच म्हणाला, "गाडी गेली तर सकाळी उठून मी कुठे जाऊ, कोमाद्रे?" तेव्हा मी मनात ठरवूनच टाकलं की दुरुस्त करायला सांगायचं. पण नटीला निकालाआधी थोडा तमाशा लागतोच.

"मला एकदा टेकडीच्या माथ्यापर्यंत न्या," मी म्हटलं. "तिचा आवाज ऐकते आणि मग सांगते."

नाबोरने भोकावर फळी टाकली. मी मागे बसले, दोरी ओढली गेली. धाड्!

पहिली दोन वळणं झकास. इंजिन शिंपिणीच्या मशीनसारखं चाललं होतं आणि फिदेन्सिओ खुशीत होता.

"डावीकडे सालोमेची टॉर्तियाची गिरणी. आला ना वास?"

वास कुठला यायला! मक्याच्या पोळ्या भाजणारी सालोमे केव्हाच गावी निघून गेली होती आणि त्या गाळ्यात मोबाइल विकत होते. मला वाटलं, म्हातारा जुन्या आठवणी काढतोय. मी हसले.

"आता निळं फाटक. इथे पहिला गिअर टाकायचा, नाहीतर गाडी मरते."

निळं फाटक केव्हाच पाडलेलं. तिथे विटांचा ढीग आणि अर्धवट इमारत. तरी गिअर अगदी हव्या त्या जागी पडला.

मी पुढे झुकले. त्याची हनुवटी वर होती, मान किंचित वाकडी. रस्त्याकडे पाहणाऱ्या माणसाची मान अशी नसते, ऐकणाऱ्याची असते.

आमच्या कंपनीत एक म्हातारा नट होता. नाटक तेच, पण नव्या सजावटीत दार उजवीकडे आलं होतं. तो मात्र जुन्या खेळातल्यासारखा डौलात डावीकडे वळला आणि सरळ रंगवलेल्या भिंतीवर जाऊन आदळला. त्याची सगळी वाक्यं बरोबर होती, हातवारे बरोबर होते. फक्त समोर काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. 

आणि तेवढ्यात ती बाई रस्त्यात आली. डोक्यावर काचेची पेटी, आत रंगीत जेलीचे पेले. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. फिदेन्सिओ त्याच वेगाने पुढे चालला. मी ओरडले, पुढे सीट नव्हती म्हणून मोकळ्या जागेतून झेपावले आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी कण्हत तिरकी होऊन थांबली. बाईच्या गुडघ्याला बंपर टेकला होता. पेटी खाली पडून फुटली आणि लाल-हिरवी जेली उतारावर थरथरत राहिली.

"आंधळा आहेस का रे म्हाताऱ्या!" ती किंचाळली.

 मग फिदेन्सिओ घसा खाकरून म्हणाला, "ब्रेकच लागला नाही, बाई. ब्रेक गेले." आणि मागे न वळता, अगदी बारीक आवाजात, "लागला नाही ना, कोमाद्रे? तुम्हाला जाणवलं ना?"

त्याचा पाय मला दिसत होता. तो ब्रेकवर गेलाच नव्हता.

"हो," मी म्हटलं. "ब्रेक गेले."

मी बाईची समजूत काढली. खालून आणखी एका वोचोवाल्याला बोलावून गाडी ओढत गॅरेजपर्यंत आणली.

"ब्रेक?" नाबोर उसळला. "माझे ब्रेक? परवा या हातांनी बसवलेत! आणा ती गाडी इकडे, आत्ता दाखवतो..."

हा नाबोर असा, की त्याच्या ब्रेकबद्दल कोणी शंका घेतली तर पाना फेकून मारायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची ती नजर मी त्याच्यावर रोखली. मग त्याने फिदेन्सिओकडे पाहिलं. फिदेन्सिओ स्टूल शोधत होता. स्टूल समोरच होतं आणि त्याचा हात त्याच्या अलीकडेच हवेत चाचपडत होता.

नाबोरने हातातलं फडकं बराच वेळ पिळलं.

"असेल," तो म्हणाला. "ब्रेकचे लायनर हलके मिळाले यावेळी. माझंच चुकलं."

"कोम्पाद्रे," मी म्हटलं, "ही गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही."

"का? तळ नवा घालू. ब्रेक पुन्हा नवे घालू. मग काय वाईट राहिलं तिच्यात?"

"एकदा भरवसा गेला की गेला. आज जेलीची पेटी होती. उद्या तिथे तिचं पोर असेल."

तो स्टुलावर बसला. मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत राहिला.

"पोर असेल," तो म्हणाला. "हो. मग राहू दे."

आमच्याकडे लेकरू गेलं तर त्याला न्हाऊ घालून शेवटचे कपडे घालायचं काम धर्मआईचं असतं. भंगारवाला सोमवारी येणार होता. रविवारी मी बादली आणि साबण घेऊन गेले. आम्ही दोघांनी गाडी धुतली. मी छत, दारं, चाकं घासली. तो पुढचा एकच दिवा पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. मी त्याला सांगितलं नाही. बॉनेटवर पांढरी फुलं ठेवली. आरशाची झालर सोडायला गेले, तर टिकल्या काळ्या पडलेल्या, गाठ इतकी घट्ट की सुटेना. मी ती तशीच राहू दिली.

"कोमाद्रे."

"बोला."

"ब्रेक चांगले होते."

मी फडकं बादलीत टाकलं. "माहीत आहे मला."

"तुम्हाला माहीत आहे हे मला तेव्हाच कळलं. इतकं वाईट काम तुम्ही जन्मात केलं नव्हतं. तंबूत असता तर टोमॅटो पडले असते."

"टोमॅटो तुमच्या गाडीतूनच पळून गेले होते ना सगळे."

तो हसला. मग दाराची दोरी चाचपून त्याने सोडवली, तळहातावर गुंडाळली आणि खिशात ठेवली. सोमवारी गाडी गेली तेव्हा तो घरातच बसून होता. मी रस्त्यात उभी होते. ट्रकवर चढवताना फळी निसटली आणि तळाच्या भोकातून पलीकडचा रस्ता दिसला.

मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाली, आतली नस सुकली आहे, आता काही करता येणार नाही, फार आधी यायला हवं होतं. फिदेन्सिओने तिचे आभार मानले. ते त्याला माहीत होतं, असं मला वाटलं.

नाबोरने मात्र ब्रेकचा तो ठपका अंगावर घेतला. अजून पोरं त्याच्या गॅरेजवरून जाताना ओरडतात, "नाबोर, जेली हवी का?" एके काळी पाना फेकणारा हा माणूस आता मान खाली घालून काम करतो. दर शनिवारी तो फिदेन्सिओसाठी उकडलेल्या मक्याची वाटी घेऊन येतो. दोघं ब्रेकबद्दल बोलत नाहीत.

फिदेन्सिओ आता सकाळी उठून कुठेही जात नाही. दारातल्या खुर्चीवर बसतो, मांडीवर टोपी, बोटांना ती दोरी. चढावर एखादी वोचो आली की मान वर करतो.

"दुसऱ्यात चढवतोय, गाढव. आता मरेल बघा."

आणि ती मरतेच.

पण हल्ली वोचो कमी झाल्यात. कधीकधी दुपारभर एकही येत नाही. वरून ते निळे डबे एकामागून एक माणसं घेऊन जात असतात, पण ते त्याला दिसत नाहीत आणि त्यांना आवाजही नाही. अशा दुपारी तो विचारतो, "कोमाद्रे, आज माणसं कुठे गेली सगळी?"

मी म्हणते, "आज रविवार आहे." कुठलाही वार असला तरी मी हेच म्हणते. आणि तो म्हणतो, "मग खेळाला जायचं असेल तुम्हाला," आणि दोरी थोडी ओढून धरतो.