राईला घातलेला वळसा

त्या चार दिवसांचा विषय निघाला की माझं जेवणावरचं लक्ष आजही उडतं. बायको म्हणते, किती वर्षं झाली, सोडा की आता. जसं काही मीच धरून बसलोय! नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चार-दोन प्रकरणांत वरिष्ठांनी पाठही थोपटली. त्यातलं फारसं काही आठवत नाही. हे मात्र तारीखवार आठवतं.

मी तेव्हा अकोले तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. मी मूळचा पारनेरकडचा. आमच्याकडं झाड म्हणजे बाभूळ आणि लिंब, त्याच्या सावलीत म्हैस बांधायची, संपलं. देवराई नावाचा प्रकार मी ऐकून होतो, पण त्या आठवड्यापर्यंत कधी त्या वाटेला गेलो नव्हतो.

सोमवारी दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. देवळाली प्रवऱ्याहून आल्या होत्या. त्यांचा थोरला भाऊ रविवारपासून बेपत्ता होता. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, घरात एकटेच. वर्षातून दोनदा राजूरच्या पुढच्या एका गावची राई पाहायला यायचे, झाडांची नावं वहीत लिहायचे आणि परत जायचे. या खेपेला पुतण्या त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला होता. पुतण्या रविवारी संध्याकाळी घरी पोहोचला, मास्तर पोहोचले नाहीत. फोन बंद.

"पुतण्या काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, राजूरच्या बाजारात सोडलं, ते एस.टी.नं येणार हुते," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे कान टवकारले. मास्तरांना मूलबाळ नाही. उसाची जमीन तोच पुतण्या करतो. "मी काई म्हनत न्हाई सायेब, पन तुमी त्याला नीट इचारा."

मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि पुतण्याला बोलावलं. तिशीतला तगडा गडी. प्रश्न विचारला की आधी भिंतीकडं बघायचा, मग उत्तर द्यायचा. राजुरात कुठं सोडलं? स्टँडवर. किती वाजता? तीन. मास्तरांच्या हातात काय होतं? पिशवी. हवालदारानं तेवढ्यात त्याच्या गाडीची डिकी उघडली आणि मास्तरांची पिशवी आतून काढून माझ्या टेबलावर ठेवली. पिशवीत चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि बंद केलेला फोन.

तोवरच्या नोकरीत एक गोष्ट मी पक्की मानून चाललो होतो. जो खोटं बोलतो त्याच्याकडं लपवायला काहीतरी असतं. हे खरंच आहे. पण जे लपवलंय तो गुन्हाच असतो, असं नाही. एवढा साधा फरक मला तेव्हा कळला नाही, आणि कळला नाही म्हणूनच हे सगळं लिहितोय.

गुन्हा दाखल नव्हता, म्हणून अटक दाखवली नाही. चौकशीसाठी बसवून ठेवला. मंगळवारी सकाळी तो ढसाढसा रडला आणि बोलला. राजुरात तो थांबलाच नव्हता. राईच्या कडेला गाडीरस्त्यावर दोघांचं भांडण झालं होतं. मास्तर वहाणा काढूनच राईत शिरायचे, आत काही न्यायचे नाहीत, म्हणून पिशवीही डिकीत टाकायला लावली. हा बूट न काढता मोबाईलवर व्हिडिओ काढत त्यांच्याआधी आत घुसला आणि एक वेल ओढून झोका घ्यायला लागला. मास्तरांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढला आणि शाळेतल्या पोरासारखा झापला.

"म्हनले, तुझी लायकी न्हाई हितं यायची. माझं डोस्कं फिरलं. म्हनलं, बसा मग झाडं कवटाळून, आन् गाडीला किक मारली." त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "वाटलं, जीपनं राजूरला येतील, तिथून एस.टी. धरतील. पिशवी डिकीत राहिली ते घरी गेल्यावर दिसलं. फोन वाजाया लागला तसा घाबरून बंद केला. आत्याला काय तोंड दाखवू? सायेब, आण्णा राईतच असतील. मला घेऊन चला, मी दावतो."

त्याला सोबत न्यायचं मी नाकारलं. संशयिताला गावात फिरवला आणि त्यानं धूम ठोकली तर जबाब मी द्यायचा. जागा त्याच्याकडून कागदावर काढून घेतली आणि निघालो.

सोबत आठ कर्मचारी, पोलीस पाटील आणि गावातली तीसेक माणसं. पावसाळा नुकताच सरला होता, अंगाला गारवा लागत होता. हाताच्या अंतरावर माणूस उभा करून आम्ही डोंगराच्या पोटातून रांग काढली. हाका, शिट्ट्या, काठ्यांचे फटके, सगळा गलका. दुपारी रांग राईपाशी आली. बाजूचा डोंगर बोडका, आणि मध्येच ही आठ-दहा एकरांची काळीभोर दाटी. पोलीस पाटलानं हात जोडले आणि डावीकडं वळला. त्याच्यामागं निम्मी माणसं. उरलेली उजवीकडं, ओढ्याच्या पलीकडून. माझ्या डोळ्यांसमोर रांग दुभंगली, राईला वळसा घालून गेली आणि पलीकडं पुन्हा एक झाली.

"आणि आत?" मी पाटलाला विचारलं.

"आत कोन जातंय, सायेब. देवाची जागा हाय ती. जत्रेबिगर गावचं मानूस पाय टाकत न्हाई. बायामानसं तर अजिबातच न्हाईत."

मी मान हलवली. का हलवली? पायात सरकारी बूट होते, गावाला दुखवायचं नव्हतं, भूक लागली होती. आणि खरं सांगू? माझ्या मनात मास्तर केव्हाच मेले होते. मी जिवंत माणूस शोधतच नव्हतो, उकरलेली माती शोधत होतो. संध्याकाळी पंचनामा झाला. 'राईसह संपूर्ण परिसर पिंजून काढला, उपयुक्त काही मिळून आलं नाही.' खाली माझी सही.

ठाण्यात परतल्यावर पुतण्यानं विचारलं, "राईत पाहिलं का?" मी म्हणालो, "पाहिलं. नाहीत." मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या. प्रेत कुठंय, एवढा एकच प्रश्न मी त्याला तासभर विचारत होतो. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. मला वाटलं, गडी पक्का बनेल आहे.

बुधवारी सकाळी पुरवणी जबाब घ्यायला पुन्हा गावात गेलो. राईच्या खालच्या अंगाला एक म्हातारी गुरं राखत होती. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला आणि सहज विचारलं, "मास्तर गावला का ओ? त्याच्या वहाना अजून तितंच हायेत म्हनून इचारते."

तांब्या माझ्या हातातच राहिला. "कुठं?"

"राईच्या शेंदराच्या धोंड्यापाशी. आयतवारी काडून गेला आत, तवाधरनं तशाच हायेत. मी म्हनलं, ह्यो मानूस बसला का काय देवापाशी!"

"अहो आजी, मग काल का नाही सांगितलंत? काल एवढी माणसं आली होती."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मला इचारलं कुनी? तुमी समदं बापयांना इचारत हुते."

रस्ता वरच्या अंगाला, राईत शिरायची पायवाट खालच्या अंगाला. कालची रांग ओढ्याच्या पलीकडून गेली होती. धोंड्यापाशी झुडपाच्या आडोशाला जुन्या कातडी वहाणांचा जोड होता, अगदी शेजारी शेजारी लावून ठेवलेला. पोलीस पाटील आला, थबकला. मी बूट काढले, पट्टा काढला आणि आत शिरलो. माझ्यामागं तोही आला.

आत ऊन नव्हतंच. हिरडा, जांभूळ, अंजन, बाकीच्या झाडांची नावं मला येत नाहीत. पायाखाली पाल्याचा वीतभर थर, दबकन पाय जायचा. माणसाच्या कमरेएवढा गारंबीचा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला. कुठं तोडल्याची खूण नाही, पडलेलं लाकूडही पडल्या जागी कुजत होतं. इतकी सुंदर जागा मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

शंभर-सव्वाशे पावलांवर ओढ्याच्या घळीत मास्तर होते. घसरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. पाठ उंबराला टेकलेली. अंग गार पडलं होतं, पण अजून ताठलं नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, बुधवारी पहाटेच्या सुमारास गेले.

खिशात वही होती. प्रेताचा इनक्वेस्ट पंचनामा करताना मी ती उघडली. आधी झाडांची नावं, रविवारची. त्यानंतर अक्षर वाकडं होत गेलेलं. 'सोमवार. पाय हलत नाही. पाणी हाताला येतं.' पुढं, 'मंगळवार दुपार. पुष्कळ माणसं. हाका मारल्या. त्यांचाच आवाज मोठा. बाजूनं गेली.' आणि शेवटच्या पानावर, 'पोरगं रागानं गेलं. मीच तोडून बोललो. त्याला कुणी काही म्हणू नये.'

माझा हवालदार जुना, जाणता माणूस. त्यानं मला बाजूला घेतलं. "साहेब, मंगळवारचं पान पंचनाम्यात घ्यायलाच पाहिजे का? वही सापडलीच नाही म्हटलं तरी अकस्मात मृत्यूच आहे. पोरगाही सुटला. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

मी ताडकन नाही म्हणालो, असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. अर्धा तास मी त्या झाडांखाली वही हातात घेऊन बसलो होतो. मंगळवारचं पान लपवायचं तर शेवटचंही लपवावं लागणार होतं. मग भावकीत, गावात, आत्याच्या मनात तो पोरगा जन्मभर खुनीच राहिला असता. शेवटी पानापानाचा मजकूर पंचनाम्यात उतरवला, आणि काल राईच्या आत शोध झालाच नव्हता, असा वेगळा अहवाल वरिष्ठांना पाठवला. खातेनिहाय चौकशी झाली, शिक्षा झाली, बदलीही झाली. त्याबद्दल तक्रार नाही. कमीच झाली.

पुढं जिथं जिथं गेलो तिथल्या पोरांना एवढं मात्र शिकवलं. शोध घेताना दर पाच मिनिटांनी सगळ्यांनी गप्प उभं राहून कान द्यायचा. गावातल्या बायकांना आधी विचारायचं, कारण रोज कुठं काय पडलंय ते त्यांना ठाऊक असतं. आणि जिथं पाय ठेवला नाही, तिथं शोध घेतला असं लिहायचं नाही. पोरं मान डोलवायची. मीही डोलवली होती एकेकाळी.

त्या बुधवारी संध्याकाळी पुतण्याला समोर बसवून मी वही त्याच्या हातात दिली. त्यानं शेवटचं पान वाचलं, मग मागं जाऊन मंगळवारचं वाचलं. बराच वेळ वाचत होता, दोन ओळी तर होत्या. रडला नाही.

"मंगळवारी दुपारी मी तुमच्याकडं हुतो ना, सायेब?"

"हो."

"मला नेलं असतं तर मी आत गेलो असतो. बूट घालून गेलो असतो, पन गेलो असतो."

मी त्याची माफी मागितली. ठाण्यात, सगळ्या स्टाफसमोर, उभं राहून. मास्तरांची पिशवी त्यानं काखेत घेतली, मुद्देमालाच्या पावतीवर सही केली आणि आत्याच्या शेजारी शवविच्छेदनगृहाबाहेर जाऊन उभा राहिला. मीही त्याच्या मागोमाग गेलो होतो. आत्यानं त्याच्या गालावर माझ्या बोटांचे वळ पाहिले, आणि मग माझ्याकडं पाहिलं.