साहेबांच्या मापाची गाडी

टीव्हीवर ग्रां प्रीच्या गाड्या दिसतात ना, चाकं उघडी, एकाच माणसाची जागा, तसली गाडी आम्ही नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बनवत होतो. अर्थात धाकटी. इंजिन मोटरसायकलचं, चौकट लोखंडी पाइपांची, आणि शर्यत देशभरातल्या कॉलेजांची. आमच्या आधीच्या पोरांनी दोन गाड्या नेल्या होत्या. पहिली ब्रेकच्या चाचणीतच नापास झाली. दुसरी ट्रॅकवर उतरली खरी, पण अर्ध्या शर्यतीत तिच्या गिअरबॉक्सने मान टाकली. तिसरी गाडी मी चालवणार होते.

ती जागा मला मुलगी म्हणून कौतुकाने दिलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. गो-कार्टवर सगळ्यांच्या फेरीची वेळ मोजली, त्यात माझी सगळ्यांत कमी आली. पोरांना पटेना, म्हणून परत मोजली. परत तेच. शेवटी कॅप्टन, म्हणजे आमच्याच वर्गातला पोरगा, म्हणाला, "ठीक आहे, मग गाडी हिच्याच मापाची काढू."

आणि खरंच काढली. प्लायवूडचा खोका करून मला त्यात बसवलं. कोपर कुठं लागतं, गुडघा कुठं अडतो, सगळं टेपने मोजलं. कमरेचं माप घेताना पोरं बिचारी छताकडे बघायची. सीटसाठी कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत फोम ओतला आणि मला वर बसवलं. फोम फुगून घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. फुगताना फोम तापतो, त्यात पाठ चांगलीच शेकून निघाली, पण सीट अशी झाली की डोळे मिटून बसावं. मी बारीक, म्हणून चौकट अरुंद, आणि अरुंद म्हणून हलकी. सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाइप जोडून झाले तेव्हा मी आत बसले आणि पट्टे आवळले. इतकी अंगासरशी बसणारी वस्तू मला आयुष्यात मिळाली नव्हती. आमच्या घरी माझे कपडेसुद्धा मोठ्या बहिणीचे यायचे.

शर्यत तोंडावर आली आणि संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी गाडीची पूजा ठरवली. साहेब गाडीत बसणार, फोटो निघणार, तो पेपरात येणार. साहेब अंगाने चांगलेच भरलेले. पूजेच्या आधी विभागप्रमुख सर कॉलेजच्या शेडमध्ये आले, जिथे आमची गाडी ठेवलेली असायची, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "साहेब यात मावणार नाहीत."

"नाही मावले तर शेजारी उभे राहतील," मी म्हणाले. "शर्यत काय साहेब चालवणार आहेत का?"

"तू जरा तोंड आवर. ही शेड कोणाची आहे? तुम्हाला जायची परवानगी कोण देणार आहे? चार पाइपांचा तर प्रश्न. थोडं ॲडजस्ट करा."

ॲडजस्ट करा म्हणे. हा शब्द ऐकला की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते. मी सांगितलं, सर, चौकटीचं ड्रॉइंग स्पर्धेवाल्यांकडे गेलंय, त्यात एक पाइप इकडचा तिकडे चालत नाही, कारण गाडी उलटली तर माणसाचा जीव त्या पाइपांवर असतो. सर म्हणाले, ते मी बोलून घेतो. मी कॅप्टनकडे बघितलं. तो बुटाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर चालला, दोन्ही बाजूंचे पाइप कापले, बाहेर फाकवून नवे जोडले. माझी सीट उचकटताना तुटली.

पूजा झोकात झाली. नारळ फुटला, हार घातला, साहेब फेट्यासकट गाडीत बसले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "जमतंय की!" सगळे हसले. मग त्यांना बाहेर काढायला चार जण लागले, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मी एकटी हसले आणि सरांचे डोळे बघून गप्प झाले.

नंतर मी म्हटलं, आता तरी पूर्वीसारखी करू. सर म्हणाले, परत कापाकापी नको, दोन्ही बाजूंनी उशा लावा, कोण बघतंय?

बघणारा होता. पुण्याकडच्या ट्रॅकवर तपासणीला एक वयस्कर परीक्षक आले. एका हातात आमचं ड्रॉइंग, दुसऱ्या हातात टेप. त्यांनी उशी बाजूला केली, मोजलं, परत मोजलं. "तुम्ही पाठवलेली चौकट ही नव्हे," ते शांतपणे म्हणाले. "का बदललीत?"

सर तेवढ्यात फोन कानाला लावून लांब गेले होते. कॅप्टन म्हणाला, "ड्रायव्हरच्या सोयीसाठी."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या जागेकडे, जिथे माझ्यासारख्या दोघी बसल्या असत्या. त्यांनी कागदावर सही केली. गाडी बाद. मी कॅप्टनला म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणतो, "साहेबांचं नाव कसं घेणार?"

त्या दिवशी पप्पा येणार होते. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी पाळी बदलून घेतली होती आणि पहाटेच्या एसटीने निघाले होते. मी फोन लावत राहिले. बसमध्ये त्यांना रिंग ऐकू येत नाही, नेहमीचंच, आणि पोचल्यावर गाड्यांच्या आवाजात तर नाहीच. प्रेक्षक जाळीच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. शर्यत संपेपर्यंत आम्हाला हलू देईनात. मी बंद गाडीच्या टायरवर टेकून दुसऱ्यांची शर्यत बघितली.

बाहेर आले तर पप्पा फाटकाशी डबा घेऊन उभे. चेहरा नुसता फुललेला. "पोरी, लय भारी चालवलीस! त्या निळ्याला तर तू शेवटपर्यंत पुढं येऊच दिलं नाहीस. मी इथं शेजारच्या माणसाला सांगत होतो, ती लाल आमची."

आमची गाडी लाल होती. ट्रॅकवर धावलेली लाल गाडी दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजची. हेल्मेटच्या आत कोण आहे हे जाळीबाहेरून कोणाला दिसणार?

"पप्पा, ती मी नव्हते. आपली गाडी सुटलीच नाही."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला, म्हणाले, "आधी खाऊन घे." एसटीत खिडकीची जागा मला दिली. संगमनेर मागे पडल्यावर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "पण जो कोण होता ना, चालवत मात्र चांगला होता."

साहेबांवर, सरांवर, त्या कॅप्टनवर मी आजवर पोटभर चिडून घेतलंय. पण पप्पांचं ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. कारण ते खरं होतं. पोरगा चांगलाच चालवत होता. फक्त लांबच्या वळणाला फार लवकर ब्रेक मारायचा. मी तिथं मारला नसता, मी अजून पुढे नेली असती, आणि हे मी पप्पांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. नुसतं सांगून कोणाला पटणार?

आता मी सातपूरलाच एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढते. कामावर जायची स्कूटर सोडली, तर पप्पांनी मला काहीही चालवताना बघितलेलं नाही.