किटलीवरचा अंगठा

गल्लीत तिला सगळे राणीसरकार म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. पोटापाण्याला शिवणकामाचं दुकान असलं तरी घरी कपाटभर चांदी होती ना! म्हणजे अस्सल नव्हे, चांदीचा मुलामा दिलेली, बंद पडलेल्या जुन्या हॉटेलांची भांडी. किटल्या, साखरेचे चिमटे, झाकणाची सूपपात्रं, तळाशी कुठल्या कुठल्या हॉटेलांची चिन्हं. लिलावांत बसून, भंगारवाल्यांशी हुज्जत घालून तिने एकेक नग मिळवला होता. "घरगुती चांदीसारखी नाजूक नाही ही," ती ठासून सांगायची, "शंभर हातांतून जायला घडवलेली आहे." आणि एवढं सांगून कपाटाला कुलूप लावायची.

जपायची मात्र तळहातावरच्या फोडासारखी. मऊ सुती फडकं, तेही सरळ रेषेत फिरवायचं. पावडरीचं नाव काढायचं नाही, मुलामा उडतो. हातमोज्यांशिवाय कुणी बोट लावायचं नाही, कारण बोटाचा घाम राहिला की काही दिवसांनी तिथे काळा ठसा उमटतो.

नवरा निवृत्त बसचालक. तो या सगळ्याला "तुझं भंगार" म्हणायचा. जिना झेपेना म्हणून दोघांनी तळमजल्यावरचं लहान घर घेतलं, तेव्हा त्याने टेप लावून मापं घेतली आणि जाहीर केलं, "कपाट तरी येईल, नाहीतर माझी आरामखुर्ची."

वाद घालण्यात ती कुणाला हार जायची नाही. पण तिच्या भांड्यांची खोकी उचलून कंबर गेली होती ती नवऱ्याची, हे ती विसरली नव्हती. "खुर्ची घ्या," ती म्हणाली आणि भांडी न्यायला जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला येत्या रविवारी बोलावून मोकळी झाली. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

शनिवारी ती भांडी बांधायला बसली. घर बदलायच्या धावपळीत बरेच दिवस कपाट उघडलंच नव्हतं. एकेक नग फडक्यात गुंडाळताना लहान किटली हातात आली आणि ती थबकली. मुठीजवळ काळा ठसा! चांगला रुंद अंगठा, मधोमध तिरकी चीर. बसच्या दारात चेमटलेला तो अंगठा तिने अंधारातही ओळखला असता.

"अहो!" तिने घर डोक्यावर घेतलं. "किल्ली कुठे मिळाली तुम्हाला?"

"बटणांच्या डब्यात. दुसरीकडे कुठे लपवतेस तू?"

"आणि हिचं केलंत काय?"

"चहा." तो ओशाळला. "तू दुकानात गेलीस की. एरवी नीट पुसून ठेवतो गं, एकदा राहिलं असेल."

"भंगार ना हे?"

तो तिच्यासमोर येऊन बसला. "गाडीत माझ्या पाठीमागे कायम माणसं असायची. आता दुपारी घर खायला उठतं. एका कपापुरता चहा केला की संपतो. हिच्यात केला की आणखी एक कप उरतो. मग वाटतं, अजून कुणीतरी यायचंय."

चांदीवरचा बारीकसा डाग तिला लांबून दिसायचा, आणि घरातला माणूस रोज रिकाम्या खुर्चीसमोर चहा पीत होता, याचा पत्ता नव्हता. तिला भरून आलं. रागही आला, पण तो स्वतःचाच.

रविवारी व्यापारी टेम्पो घेऊन आला. ती तोंड उघडणार तोच नवरा दारात आडवा उभा राहिला. "भांडी नाही द्यायची. आरामखुर्ची नेता का? चांगली ऐसपैस आहे."

"मग तुम्ही बसणार कुठे?" तिने विचारलं.

"टेबलापाशी."

सोमवारी शिवणाच्या दुकानावर पाटी लागली, 'दुपारी बंद'. बायकांची कुरकुर सुरू झाली. राणीसरकारला आताच कसली विश्रांती लागली म्हणून एकीने खोचकपणे विचारलंही.

"विश्रांती कसली?" कुलूप लावता लावता ती तोऱ्यात म्हणाली. "मला घरी चहाला बोलावलंय."