लाल शाईची पानं

आमचा मुलगा कोल्हापूरला कॉलेजात गेला त्या वर्षीची ही गोष्ट. यंदा बायको वारली. आता लपवायचं कुणापासून, म्हणून लिहितो.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला, बंदरावर माल चढवायच्या कामाला. मुलाचं बाकी बरं चाललं होतं, पण इंग्रजी निबंधात तो गटांगळ्या खाई. पत्रात लिहिलंन, इथली मुलं थोरल्या भावांच्या जुन्या वह्या बघून शिकतात, मला कोण आहे? हिला अक्षर येत नव्हतं, पत्रं मीच वाचून दाखवी. ऐकलंन आणि तशीच उठून पेन्शनर मास्तरांकडे गेली. तिथे ती भात कांडायला जाई. मास्तरांचा मुलगा बी. ए. झालेला, त्याच्या निबंधाच्या वह्या माळ्यावर पडलेल्या. मास्तरीणबाई सहज काही देणाऱ्यातल्या नव्हत्या. हिने चार दिवस जास्तीचं कांडून दिलंन, तेव्हा गठ्ठा मिळाला. डोक्यावरून घरी आणलान.

कोल्हापूरच्या मोटरीचा ड्रायव्हर म्हणाला, लहान पुडकं असेल तर नेईन. म्हणून मी निवडायला बसलो. इंग्रजी मला काय कळणार? पण लाल शाई कळत होती. आमच्या शाळेत लाल फुली म्हणजे छडी. काही पानं लाल खुणांनी भरलेली, काही स्वच्छ. म्हटलं, चुकलेलं वाचून पोरगा चुकायलाच शिकेल. लाल तेवढी फाडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली.

ही म्हणाली, सगळीच धाडा, तो बघेल काय ते.

"तुला काय कळतंय गो त्यातलं?" मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बाबा, आलेली पानं नुसते कच्चे खर्डे आहेत. प्रोफेसरांनी लाल शाईने सुधारलेली असतील ती पाठवा, शिकण्यासारखं त्यातच असतं.

ही समोर तांदूळ निवडत होती. "काय लिहिलंन हो?"

पत्रावरची नजर न काढता मी म्हटलं, "वह्या उपयोगाच्या नाहीत म्हणतो."

मुलाला मात्र उलट टपाली खरं ते कळवलं. त्यानंतर ही मास्तरांकडे कांडायला गेली नाही. मुलगा इंग्रजीत नापास झाला, कॉलेज सुटलं, मुंबईला गोदीत चिकटला. गणपतीला घरी आला की ही त्याला म्हणे, मीच रे तुला नको त्या वह्या आणल्या. तो माझ्याकडे बघे. एकदा वाटेत मला म्हणाला, "बाबा, तिला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही." दर वर्षी मी ठरवी, सांगायचं. सांगितलं नाही. माझी जीभ एरवी कुणापुढे अडली नाही, हिच्यापुढे अडली.

ती अंथरुणाला खिळली तेव्हाही तेच. "त्या वह्या चांगल्या निघाल्या असत्या तर पोरगा शिकला असता, नाही हो?"

घरात आम्ही दोघंच होतो. मी पेजेची वाटी तिच्यापुढे धरली. म्हटलं, "निवते आहे, पी आधी."

तिने पेज घेतलीन. पुन्हा विचारलंन नाही.