ओस वाडीतली पंगत

काळाचौकीच्या शालन परब लेकीकडे जर्मनीला गेल्या, तेव्हा लेकीने त्यांना रानातलं एक ओस गाव दाखवलं. शेकडो वर्षांपूर्वी तिथे रोगराई आली, पिकं बुडाली आणि वाचलेली माणसं शेजारच्या शहरात गेली. आता चर्चचा पाया तेवढा उरला होता. तरी शहरातले लोक वर्षातून एकदा तिथे जमून प्रार्थना करत, एकत्र जेवत.

शालनताईंना कोकणातली आपली वाडी आठवली. गिरण्यांत कामं मिळाली तशी एकेक घर मुंबईला आलं, आणि शेवटची म्हातारी गेल्यापासून तिथे दिवा लागला नव्हता.

परतल्यावर त्यांनी लालबाग-परळात पांगलेली वाडीची माणसं गाठली.

"थंय आता काय आसा?" चुलतदीर दत्ताराम हसले.

"आपण गेलो की सगळा आसतला," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात दोन गाड्या भरून माणसं गेली. सगळ्यांनी मिळून झुडपं तोडली, आंब्याखाली चूल मांडली. वाडी कधीच न पाहिलेली नातवंडं आपापल्या घराचा चौथरा शोधत हिंडली. पंगतीत दत्तारामांनीच विचारलं, "वहिनी, फुडच्या वर्षी कधी येवचा?"