सोंडेवरचा धूर

आई गेली तेव्हा मी दूर उत्तरेत हेलिकॉप्टर उडवत होतो. गावी, पूर्णगडला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर सात वर्षं ग्रामदेवीच्या देवळाची पायरी चढलो नाही. राग म्हणावा, तर कुठेही आरती ऐकू आली की जीव कासावीस व्हायचा. देवीपुढे उभं राहिल्यावर आईच्या चेहऱ्यावर जी शांतता उतरायची, ती एकदा तरी आपल्याला लाभावी, असं फार वाटे. मागायची कुणाकडे, ते मात्र कळत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये रत्नागिरीहून एका बाळंतिणीला हेलिकॉप्टरने कोल्हापूरला न्यायचं होतं. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. मागे नर्स होती आणि बाळंतिणीची सासू. सकाळ स्वच्छ, पण मतलई वारा जोरात होता. डोंगराकडून समुद्राकडे जाणारा हा वारा सह्याद्रीचा माथा ओलांडताच कोकणच्या बाजूला खाली कोसळतो. मी उंची घेऊनच निघालो होतो. तरी घाटमाथा समोर असताना हेलिकॉप्टर एकाएकी खाली जाऊ लागलं. पूर्ण ताकद लावली, तरी खालीच. कड्यावरची झाडं एकेक करून ओळखू येऊ लागली.

हेडफोनमध्ये सासूबाईंचा आवाज आला, "बाबा, पोचव रे आमच्या पोरीला."

अशा वाऱ्याशी झुंजू नये, दरीकडे वळून बाहेर पडावं, हे मला शिकवलेलं होतं. पण वळण्यात वेळ जाणार आणि तिच्याकडे वेळ नव्हता, म्हणून मी हट्टाने समोर रेटत होतो. शेवटी हट्ट सोडला. वळलो. आणि तोंडून निघालं, "आई, आता तूच बघ." कुठल्या आईला म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही.

वळताना उजवीकडे, डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या सोंडेवर धूर दिसला. कुणीतरी शेताची भाजावळ लावली होती, पेरणीआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात ती. एवढ्या वाऱ्यातही तो धूर आडवा न होता सरळ वर चढत होता. म्हणजे तिथे हवा वर जात होती! मी तिकडे गेलो. उंचीचा काटा थांबला, थरथरला, मग हळूहळू वर सरकला. माथा ओलांडला. कोल्हापुरात ती बाई वाचली.

पंधरा दिवसांनी सुटी काढून त्या सोंडेखालची वाडी शोधली. शेताचा मालक एक म्हातारा निघाला. भाजावळीचं विचारताच तो घाबरला. "का वो? आग खय पसरली काय?"

मी सगळं सांगितलं. तो बांधावर टेकला.

"दर वर्साला वारा पडल्यावर दोपारी लावतंय," तो म्हणाला. "त्या दिशी सकाळीच लावला. म्हातारी वरडली पन, वाऱ्यात आग कशाला म्हनून."

"मग का लावलीत?"

"काय सांगू? वाटला, लावला."

मी वाकलो, तर त्याने पाय मागे घेतले आणि झाडाखालच्या राखणदाराच्या, म्हणजे शेताशिवाराची राखण करणाऱ्या देवाच्या, पाषाणाकडे बोट केलं. "माज्या नको. थय जा."

गेलो. सात वर्षांनी हात जोडले. डोळे भरून आले, पण आईची ती शांतता लाभली असं म्हणणार नाही. ती ओढ अजून तशीच आहे. फक्त आता ती मला टोचत नाही. आपण रेटणं थांबवलं, तेव्हाच दुसरीकडे पाहायला सवड झाली, एवढं मला कळलं. त्या म्हाताऱ्याला त्याच सकाळी काडी लावावीशी वाटली, आणि मला नेमकं त्याच क्षणी वळावंसं. दोघांपैकी कुणालाही त्याचं कारण सांगता येत नाही. मी ते आता विचारतही नाही. नुसता हात जोडून उभा राहतो.